जर्मन–सोव्हिएट करार आणि चतुःसत्ता आघाडीची योजना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनी व सोव्हिएट संघ यांच्यात २३ ऑगस्ट १९३९ पासून २२ जून १९४१ पर्यंत टिकलेले राजकीय व आर्थिक सहकार्य, तसेच या सहकार्यातून ब्रिटनविरुद्ध जर्मनी, इटली, जपान व सोव्हिएट संघ अशी चार सत्तांची आघाडी उभारण्याचा फसलेला प्रयत्न. ही आघाडी अस्तित्वात आली असती, तर युद्धाचे व पुढील जगाचे स्वरूप काय झाले असते, हा पर्यायी इतिहासाच्या चर्चेतील एक प्रमुख प्रश्न आहे. इतिहासात असे ‘जर-तर’चे प्रश्न विचारू नयेत, असे ई. एच्. कार यांच्यासारख्या इतिहासकारांचे मत होते. तथापि प्रस्तुत प्रश्न निव्वळ कल्पनेतून उद्भवलेला नाही. आघाडीचा लेखी मसुदा तयार झाला होता, तो सोव्हिएट परराष्ट्रमंत्र्यांना वाचून दाखविण्यात आला होता आणि मॉस्कोने त्यास काही अटींवर लेखी संमतीही दिली होती. त्यामुळे ही योजना कोठवर आली आणि कोणत्या मुद्यांवर अडली, हे कागदपत्रांच्या आधारे पाहता येते.

पार्श्वभूमी : जर्मनी व सोव्हिएट संघ यांचे सहकार्य १९३९ मध्ये प्रथमच घडले, असे नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जखडलेला जर्मनी आणि पाश्चात्त्य राष्ट्रांनी बहिष्कृत केलेला रशिया यांनी १९२२ साली रापालो येथे परस्परांस मान्यता दिली. १९२६ च्या बर्लिन तहाने हे संबंध दृढ झाले. लिपेत्स्क येथे विमानांचे व कझान येथे रणगाड्यांचे प्रशिक्षण जर्मन सैनिक गुप्तपणे घेत असत. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यानंतर हे संबंध तुटले. साम्यवादाचा उच्छेद आणि पूर्वेकडे जर्मनांसाठी भूमी मिळविणे ही दोन उद्दिष्टे त्याने उघडपणे मांडली होती.

सप्टेंबर १९३८ मध्ये म्यूनिक येथे चेकोस्लोव्हाकियाचे भवितव्य सोव्हिएट संघाला वगळून ठरविण्यात आले. ऑगस्ट १९३९ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांची लष्करी शिष्टमंडळे मॉस्कोला गेली. पण सोव्हिएट सैन्याला आपल्या भूमीतून जाऊ देण्यास पोलंड तयार नव्हता. त्यामुळे बोलणी खुंटली. त्याच वेळी मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोल येथे सोव्हिएट सैन्य जपानशी लढत होते. दोन आघाड्यांवरील युद्ध टाळण्याची निकड स्टालिनला होती. पोलंडवर चढाई करताना पूर्वेची बाजू निर्धोक राहावी, ही निकड हिटलरला होती.

करार व गुप्त पुरवणी : रिबेनट्रॉप व मोलोटोव्ह यांनी २३ ऑगस्ट १९३९ च्या कराराने दहा वर्षांसाठी परस्परांवर आक्रमण न करण्याचे मान्य केले. करारासोबत एक गुप्त पुरवणी होती. तीनुसार फिनलंड, एस्टोनिया व लॅटव्हिया हे देश सोव्हिएट प्रभावक्षेत्रात गेले. नारेव्ह, व्हिश्चुला व सान या नद्यांच्या अनुरोधाने पोलंडचे विभाजन ठरले आणि रूमानियाच्या बेसारेबिया प्रांतातील सोव्हिएट हितसंबंध जर्मनीने मान्य केले. जर्मनीने १ सप्टेंबरला व सोव्हिएट संघाने १७ सप्टेंबरला पोलंडवर स्वारी केली. २८ सप्टेंबर रोजी सीमा व मैत्रीचा दुसरा तह होऊन लिथुएनिया सोव्हिएट वाट्याला आणि त्याच्या मोबदल्यात लूब्लिनचा प्रदेश जर्मनीच्या वाट्याला आला. त्याच दिवशीच्या संयुक्त पत्रकात, युद्ध यापुढे चालू राहिल्यास त्याची जबाबदारी इंग्लंड व फ्रान्स यांच्यावर राहील, असे जाहीर करण्यात आले. ब्रिटनविरोधी सूर अशा रीतीने प्रारंभापासूनच या संबंधांत होता.

गुप्त पुरवणीचा मजकूर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९४८ मध्ये हस्तगत जर्मन कागदपत्रांतून प्रसिद्ध केला. सोव्हिएट शासन तिचे अस्तित्व नाकारीत राहिले. अखेर डिसेंबर १९८९ मध्ये सोव्हिएट लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने ती मान्य करून तिचा निषेध केला.

आर्थिक सहकार्य : या संबंधांचा खरा कणा व्यापार हा होता. ब्रिटिश आरमाराने जर्मनीची सागरी नाकेबंदी केली होती. पहिल्या महायुद्धात अशाच नाकेबंदीने जर्मनीला टेकीस आणले होते. ११ फेब्रुवारी १९४० च्या व्यापारी कराराने ही नाकेबंदी बव्हंशी निष्प्रभ झाली. पहिल्या बारा महिन्यांत सोव्हिएट संघाने १० लक्ष टन धान्य व कडधान्ये, ९ लक्ष टन खनिज तेल, १ लक्ष टन कापूस, ५ लक्ष टन फॉस्फेट, १ लक्ष टन क्रोम धातुक, ५ लक्ष टन लोह धातुक आणि २,४०० किग्रॅ. प्लॅटिनम द्यावयाचे असे ठरले. याशिवाय अतिपूर्वेकडील रबर व सोयाबीन सायबीरियाच्या लोहमार्गाने जर्मनीस पोहोचू लागले. मोबदल्यात जर्मनीने यंत्रसामग्री, विमानांचे नमुने आणि अर्धवट बांधलेली ‘ल्यूट्सो’ ही क्रूझर दिली.

नाविक साहाय्य मात्र मर्यादित होते. मूर्मान्स्कजवळ जर्मन आरमाराला एक तळ देऊ करण्यात आला. पण नॉर्वे जिंकल्यावर जर्मनीला त्याची गरज उरली नाही. १९४० च्या उन्हाळ्यात ‘कोमेट’ ही जर्मन युद्धनौका सोव्हिएट बर्फफोडी जहाजांच्या मदतीने सायबीरियाच्या उत्तर किनाऱ्याने पॅसिफिक महासागरात उतरली व तेथे तिने ब्रिटिश व्यापारी नौकांवर हल्ले केले.

ब्रिटन–सोव्हिएट युद्धाची शक्यता : सोव्हिएट संघ जर्मनीचा युद्धसाथी होण्याचा प्रसंग सर्वांत जवळ आला, तो बर्लिनमधील वाटाघाटींमुळे नव्हे, तर लंडन व पॅरिस येथील योजनांमुळे. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएट सैन्याने फिनलंडवर आक्रमण केले आणि १४ डिसेंबरला राष्ट्रसंघाने सोव्हिएट संघाला निष्कासित केले. फिनलंडच्या मदतीसाठी नॉर्वेतील नार्व्हिक बंदरातून सैन्य पाठवावे व जाता जाता स्वीडनच्या लोखंडाच्या खाणी ताब्यात घ्याव्यात, अशी योजना दोस्त राष्ट्रांनी आखली. १२ मार्च १९४० रोजी फिनलंडने तह केल्यामुळे ती बारगळली.

दुसरी योजना कॉकेशसमधील तेलक्षेत्रांवर हवाई हल्ले करण्याची होती. बाकू, ग्रॉझनी व बाटूम येथील तेल उद्योग उद्ध्वस्त केला, की जर्मनीचा पुरवठा तुटेल आणि सोव्हिएट शेती व सैन्य लुळे पडेल, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा होरा होता. ३० मार्च व ५ एप्रिल १९४० रोजी इराकमधील हब्बानिया तळावरून निघालेल्या ब्रिटिश विमानांनी अनुक्रमे बाकू व बाटूमची छायाचित्रेही घेतली. मे महिन्यात जर्मनीने फ्रान्सवर चढाई केल्याने ही योजना कागदावरच राहिली. ती अंमलात आली असती, तर सोव्हिएट संघाला जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरण्यावाचून गत्यंतर राहिले नसते. जून १९४० मध्ये या योजनेचे फ्रेंच कागद जर्मनांच्या हाती पडले व त्यांनी ते तत्काळ प्रसिद्ध केले. साहजिकच ब्रिटनविषयीचा स्टालिनचा संशय बळावला.

संबंधांतील ताण : जून १९४० मध्ये फ्रान्सने शरणागती पत्करली. जर्मनी पश्चिमेकडे दीर्घकाळ गुंतून पडेल, हा मॉस्कोचा हिशेब चुकला. सोव्हिएट संघाने त्वरेने तिन्ही बाल्टिक राष्ट्रे खालसा केली आणि रूमानियाकडून बेसारेबियाबरोबर उत्तर बुकोव्हिनाही घेतला. उत्तर बुकोव्हिनाचा उल्लेख गुप्त पुरवणीत नव्हता आणि जर्मनीला लागणारे तेल रूमानियाच्या प्लोएश्तीतून येत होते. ऑगस्टअखेर जर्मनी व इटली यांनी रूमानियाच्या उर्वरित सीमांना हमी दिली. सप्टेंबरमध्ये जर्मन तुकड्या फिनलंडमधून ये-जा करू लागल्या. दोन्ही बाबतींत सोव्हिएट संघाशी विचारविनिमय झाला नाही. २७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मनी, इटली व जपान यांचा त्रिपक्ष करार झाला. सोव्हिएट संघाशी असलेल्या संबंधांस त्यामुळे बाध येत नाही, असे त्याच्या पाचव्या कलमात नमूद होते.

या करारात सोव्हिएट संघाला चौथा भागीदार करून घ्यावे, ही कल्पना रिबेनट्रॉपने उचलून धरली. युरोप व आशिया यांचा भूप्रदेश एकवटून सागरी सत्तांना शह द्यावा, हा विचार कार्ल हाउसहोफर या भूराजनीतिज्ञाने मांडला होता. मॉस्कोतील जर्मन राजदूत शूलेनबुर्ख हाही सलोख्याच्या बाजूचा होता. ब्रिटनचा पराभव भूमध्य समुद्रात करावा, असे नौसेनापती रेडर याने सप्टेंबरमध्ये हिटलरला सुचविले. त्यासाठी स्पेनचे सहकार्य आवश्यक होते. परंतु २३ ऑक्टोबर रोजी आंदाई येथील भेटीत फ्रँकोने हिटलरला दाद दिली नाही.

बर्लिनच्या वाटाघाटी (१२–१३ नोव्हेंबर १९४०) : रिबेनट्रॉपच्या निमंत्रणावरून मोलोटोव्ह १२ नोव्हेंबरला बर्लिनला पोहोचला. ब्रिटिश साम्राज्य हे आता दिवाळे निघालेल्या एका प्रचंड मालमत्तेसारखे असून तिच्या वाटणीत सोव्हिएट संघाने सहभागी व्हावे, असे हिटलरने त्याला सांगितले. मोलोटोव्हने याचे तत्त्वतः स्वागत केले. पण आपले प्रश्न सोडले नाहीत. फिनलंडमध्ये जर्मन सैन्य कशासाठी आहे? रूमानियाला दिलेली हमी कोणाविरुद्ध आहे? बल्गेरियाला तशीच हमी सोव्हिएट संघाने दिली, तर जर्मनीची भूमिका काय राहील? हिटलर दूरच्या खंडांविषयी बोलत होता. मोलोटोव्ह मात्र सीमेलगतच्या देशांविषयीच उत्तरे मागत होता.

१३ नोव्हेंबरच्या रात्री ब्रिटिश विमानांच्या हल्ल्यामुळे अखेरची बैठक रिबेनट्रॉपच्या तळघरातील आश्रयस्थानात झाली. तेथे रिबेनट्रॉपने कराराचा मसुदा वाचून दाखविला. मुदत दहा वर्षांची होती. गुप्त पुरवणीत जर्मनीला मध्य आफ्रिका, इटलीला उत्तर व ईशान्य आफ्रिका, जपानला पूर्व आशियाचा दक्षिण भाग आणि सोव्हिएट संघाला आपल्या सीमेच्या दक्षिणेस हिंदी महासागराच्या दिशेने विस्तार, अशी वाटणी होती. ब्रिटन संपल्यातच जमा आहे, हे त्याचे म्हणणे ऐकून, मग आपण या तळघरात का बसलो आहोत आणि वरून पडणारे बाँब कोणाचे आहेत, असे मोलोटोव्हने विचारले. स्टालिनने ही हकीकत पुढे चर्चिलला ऐकविली.

या भेटीसाठी मोलोटोव्हने ९ नोव्हेंबर रोजी लिहून घेतलेल्या सूचना सोव्हिएट संघाच्या विघटनानंतरच्या काळात अभ्यासकांना उपलब्ध झाल्या. चार सत्तांनी ब्रिटनला उद्देशून शांततेचे जाहीर आवाहन करण्याचा प्रसंग आल्यास कोणत्या अटी असाव्यात, याचा विचार त्यांत आढळतो. ब्रिटनने युरोपीय राजकारणातून अंग काढून घ्यावे, जिब्राल्टर व ईजिप्त सोडावे, जर्मनीच्या पूर्वीच्या वसाहती परत कराव्यात आणि हिंदुस्थानला तत्काळ वसाहतीच्या स्वराज्याचे हक्क द्यावेत, अशा त्या अटी होत्या. मोलोटोव्ह मार्गस्थ असतानाच स्टालिनने तार करून हिंदुस्थानविषयीचे कलम गाळण्यास सांगितले. हे कलम म्हणजे युद्ध भडकविण्याचा डाव आहे, असा समोरच्यांचा समज होण्याची त्याला भीती वाटली. चाळीस कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशाचा प्रश्न या वाटाघाटींत एका कलमाच्या रूपाने आला आणि एका तारेने वगळला गेला. वाटणी करणाऱ्यांच्या दृष्टीने परतंत्र देशांचे मोल किती होते, याचा हा बोलका पुरावा आहे.

सोव्हिएट अटी व जर्मनीचे मौन : २५ नोव्हेंबर १९४० रोजी मोलोटोव्हने शूलेनबुर्खला कळविले, की सोव्हिएट संघ पुढील अटींवर चतुःसत्ता करार स्वीकारण्यास तयार आहे : (१) फिनलंडमधून जर्मन सैन्य तत्काळ काढून घ्यावे, (२) बल्गेरियाशी सोव्हिएट संघाचा परस्पर साहाय्याचा करार व्हावा आणि बॉस्पोरस व दार्दानेल्स सामुद्रधुन्यांच्या परिसरात भूसैन्य व आरमार यांसाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने तळ मिळावा, (३) बाटूम व बाकूच्या दक्षिणेस इराणच्या आखाताच्या दिशेने असलेला प्रदेश सोव्हिएट आकांक्षांचे केंद्र मानावा, (४) उत्तर सॅकालीनमधील कोळसा व तेल यांविषयीचे हक्क जपानने सोडावेत.

या उत्तराचा बारकावा लक्षणीय आहे. जर्मनीने हिंदी महासागराची दिशा सुचविली होती; तिकडे वळल्यास सोव्हिएट संघाचा ब्रिटनशी संघर्ष अटळ होता आणि युरोपची भूमी जर्मनीला मोकळी मिळत होती. स्टालिनने दक्षिणेकडील मोहीम नाकारली नाही. मात्र तिची दिशा अलीकडे, इराणच्या आखाताकडे वळविली आणि त्याआधी फिनलंड, बल्गेरिया व सामुद्रधुन्या मागितल्या. आघाडी अडली ती तत्त्वप्रणालीच्या भेदामुळे नव्हे, तर या तीन ठिकाणांवर.

जर्मनीने या पत्रास कधीच उत्तर दिले नाही. १७ जानेवारी १९४१ रोजी मोलोटोव्हने पुन्हा विचारणा केली. तिचाही उपयोग झाला नाही. रशियाचा पाडाव झाला, की इंग्लंडची शेवटची आशा नष्ट होईल, असे हिटलरने ३१ जुलै १९४० रोजीच आपल्या सेनापतींना सांगितले होते. मोलोटोव्ह बर्लिनमध्ये उतरला, त्याच दिवशीच्या लष्करी आदेशात वाटाघाटींचा निकाल काहीही लागला, तरी पूर्वेकडील तयारी चालू ठेवावी, असे म्हटले होते. १८ डिसेंबरला ‘बार्बारोसा’ मोहिमेचा आदेश निघाला. व्यापार मात्र थांबला नाही. १० जानेवारी १९४१ रोजी नवा आर्थिक करार झाला आणि त्याच दिवशी लिथुएनियातील एका पट्ट्यावरील हक्क जर्मनीने सोव्हिएट संघाला ७५ लक्ष सुवर्ण डॉलरना विकला. पाच महिन्यांनी तोच पट्टा जर्मन सैन्याने जिंकून घेतला.

हिंदुस्थानशी संबंध : या बावीस महिन्यांचे पडसाद हिंदुस्थानातही उमटले. युद्ध साम्राज्यवादी आहे, ही भूमिका साम्यवाद्यांनी घेतली आणि २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या कामगारांनी युद्धविरोधी संप केला. जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यावर वर्षअखेरीस पक्षाने हेच युद्ध ‘लोकयुद्ध’ ठरविले आणि जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली. जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्यातून निसटलेले सुभाषचंद्र बोस काबूलहून ओर्लांदो मात्सोत्ता या नावाच्या इटालियन पारपत्रावर मॉस्कोमार्गे एप्रिलच्या प्रारंभी बर्लिनला पोहोचले. जर्मनी व सोव्हिएट संघ यांची मैत्री टिकेल आणि तिचा दाब वायव्य सरहद्दीवरून ब्रिटिश सत्तेवर पडेल, या अपेक्षेस त्यांच्या विचारात महत्त्वाचे स्थान होते. २२ जूनच्या आक्रमणाने तिला जबर धक्का बसला.

आघाडीच्या संभाव्य परिणामांची चर्चा : करार झाला असता, तर ब्रिटनवर तत्काळ स्वारी शक्य झाली असती, असे मानण्यास आधार नाही. इंग्लिश खाडी ओलांडण्यासाठी लागणारे नाविक बळ जर्मनीजवळ नव्हते आणि सोव्हिएट आरमार ते पुरवू शकत नव्हते. खरे संकट पश्चिम आशियात उद्भवले असते. ब्रिटनच्या भूमध्य व हिंदी महासागरांतील हालचाली आबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर आणि इराकच्या तेलावर अवलंबून होत्या. कॅस्पियन समुद्रापासून आखातापर्यंत जाणारा इराणचा लोहमार्ग १९३८ मध्ये पूर्ण झाला होता. एप्रिल १९४१ मध्ये इराकमध्ये रशीद अलीने ब्रिटनविरोधी सत्तांतर घडविले. अशा वेळी उत्तरेकडून सोव्हिएट सैन्य उतरले असते, तर ईजिप्तमधील ब्रिटिश सैन्याची स्थिती बिकट झाली असती आणि उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या हिंदी पलटणी मागे बोलवाव्या लागल्या असत्या.

याउलट मर्यादाही मोठ्या होत्या. झॅग्रॉस पर्वतातून जाणारा एकेरी लोहमार्ग मोठ्या सैन्याला पुरला नसता. अफगाणिस्तानात लोहमार्ग नव्हता. मध्ये हिंदुकुश उभा होता. बाकू इराकमधील विमानतळांच्या टप्प्यात होते. फिनलंडमधील लढाईने सोव्हिएट सैन्याचे दोष उघड केले होते. मार्च १९४१ पासून उधार-उसनवार कायद्यान्वये अमेरिकेची मदत ब्रिटनला मिळू लागली होती. ब्रिटन तत्काळ कोसळले नसते; परंतु जर्मनीचा पराभव करण्याचे सामर्थ्य त्याच्याजवळ उरले नसते, एवढे अनुमान रास्त ठरते. कारण प्रत्यक्षात जर्मन भूसेनेचा बहुतांश पूर्व आघाडीवरच झिजला आणि त्यासाठी सोव्हिएट संघाने सुमारे २ कोटी ७० लक्ष माणसे गमावली.

इतिहासाचा उपरोध असा, की इराणचा हाच लोहमार्ग ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश व सोव्हिएट सैन्यांनी संयुक्तपणे ताब्यात घेतला आणि सोव्हिएट विस्ताराचा ठरू शकणारा हा मार्ग सोव्हिएट संघाला मदत पोहोचविणारा मार्ग बनला.

मूल्यमापन : स्टालिनने या आघाडीस केवळ वेळ काढण्यासाठी होकार दिला, असे काही अभ्यासक मानतात, योग्य किंमत मिळाल्यास तो खरोखरच तीत सामील झाला असता, असे इतरांचे मत आहे. २५ नोव्हेंबरच्या अटींचा नेमकेपणा आणि जानेवारीतील पाठपुरावा पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. हिटलरच्या बाबतीत असा पर्याय दिसत नाही. सोव्हिएट अटी मान्य करणे म्हणजे रूमानियाचे तेल, फिनलंडचे निकेल आणि बाल्कनचा दरवाजा दुसऱ्याच्या मर्जीवर सोपविणे होते. शिवाय पूर्वेकडील भूमी जिंकण्याचे मूळ उद्दिष्ट कायमचे सोडावे लागले असते. म्हणून या विषयावरील पर्यायी इतिहासाला २५ नोव्हेंबर १९४० पर्यंत कागदपत्रांचा आधार आहे. त्यापुढे जाण्यासाठी वेगळा हिटलर कल्पावा लागतो.

फिनलंड, बाल्टिक राष्ट्रे, पोलंड, रूमानिया, बल्गेरिया, इराण व हिंदुस्थान यांपैकी एकाचेही मत या वाटाघाटींत विचारले गेले नाही. आघाडी झाली नाही. परंतु तीपूर्वीच्या पहिल्या वाटणीचे परिणाम टिकून राहिले. एस्टोनिया, लॅटव्हिया व लिथुएनिया यांना स्वातंत्र्य परत मिळविण्यासाठी १९९१ पर्यंत वाट पहावी लागली. [⟶ महायुद्ध, दुसरे].